सेट-टॉप बॉक्सची सीरियल तार : एका दुरुस्तीविद्येचा पूर्वेतिहास

१

यंत्रांचा इतिहास बहुधा शोधांच्या आणि शोधकांच्या अनुरोधाने लिहिला जातो. बिघडलेले यंत्र पुन्हा चालते कसे झाले, ह्याची नोंद इतिहासात क्वचितच आढळते. शोध ही बुद्धीची कृती आणि दुरुस्ती ही केवळ हाताची, असा एक समज ह्या उपेक्षेच्या मुळाशी आहे. दूरचित्रवाणी संचाशेजारी आज घरोघरी दिसणाऱ्या सेट-टॉप बॉक्सच्या बाबतीत तर तो अधिकच दृढ झालेला दिसतो. ही पेटी अगदी नव्या युगाची, तिच्या अंतरंगाचा जुन्या विद्येशी संबंध नाही, आणि म्हणून ती बंद पडली की बदलावयाची, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

वस्तुस्थिती मात्र ह्याहून वेगळी आहे. चालूच न होणाऱ्या पेटीचा दोष शोधण्याची जी रीत आज कारागीर अवलंबितात, ती म्हणजे पेटीतील मुद्रित पटलावर तीन बारीक तारा जोडून तिचे स्वतःचे निवेदन वाचणे. ही रीत तारायंत्राच्या शतकातून, पहिल्या संगणकांच्या दशकातून आणि दूरध्वनीवरून फाइली पाठविणाऱ्या हौशी मंडळींच्या काळातून टप्प्याटप्प्याने घडत आली आहे. ह्या वारशाची ओळख पटल्यावाचून पेटीची दुरुस्ती शक्य का, आणि ती दुष्कर का झाली, ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे नीट मिळत नाहीत.

२

विषयाला स्थळाची चौकट देण्यासाठी हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी हा तालुका उपयुक्त ठरतो. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, नंतर परभणी जिल्ह्यात आणि १ मे १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात असलेला हा प्रदेश दूरचित्रवाणीच्या प्रत्येक लाटेच्या काठावर राहिला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या वर्षात भारताने अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ उपग्रहाच्या साहाय्याने शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग केला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून कार्यक्रम उतरले. त्यांत जुन्या हैदराबाद संस्थानाचेच भाग असलेले गुलबर्गा व रायचूर हे कर्नाटकातील जिल्हे होते, मराठवाडा नव्हता.

त्या प्रयोगात संचासोबत उपग्रहाचा संकेत संचाला समजेल अशा रूपात उतरविणारे एक वेगळे उपकरण होते. कार्याच्या दृष्टीने पाहता आजच्या पेटीचा पूर्वज तोच. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे संच चालते ठेवण्याची व्यवस्था हा त्या योजनेचाच एक भाग होता. दुरुस्ती ही योजनेच्या बाहेरची अडचण मानलेली नव्हती.

पुढील लाटांचे स्वरूप निराळे होते. १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनची ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही विनाशुल्क उपग्रहसेवा ३३ वाहिन्यांसह सुरू झाली. पुढे तिला ‘डीडी फ्री डिश’ हे नाव मिळाले. छत्री आणि पेटी बाजारातून एकदाच विकत घ्यावयाची, मासिक शुल्क नाही, अशी ही सोय. शुल्क नाही म्हणून ग्राहकाशी बांधलेली सेवासंस्थाही नाही. पेटी बंद पडली तर हमीची मुदत संपल्यावर दाद मागावयाची ती जवळच्या दुरुस्तीच्या दुकानातच.

त्यानंतर १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी कायद्यात २०११ साली दुरुस्ती होऊन केबलवरील प्रक्षेपण अंकीय करणे सक्तीचे झाले. मुंबईसह चार महानगरांत ३१ ऑक्टोबर २०१२ आणि अडतीस मोठ्या शहरांत ३१ मार्च २०१३ ह्या तारखा ठरल्या. उर्वरित नागरी भागासाठी ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत होती; न्यायालयीन वादांमुळे ती अनेक ठिकाणी लांबली. ग्रामीण भागाची अखेरची मुदत ३१ मार्च २०१७ होती. ह्या विभागणीनुसार नगरपरिषदेचे गाव असलेले कळमनुरी तिसऱ्या टप्प्यात आले, तर तालुक्यातील खेडी चौथ्या टप्प्यात गेली. काही वर्षांच्या अवधीत तालुक्यातील घरांत प्रक्रियक, स्मृती आणि आज्ञावली असलेला एक पुरा संगणक येऊन बसला. पुष्कळ कुटुंबांचा तो पहिलाच संगणक होता. मात्र त्याला कोणी संगणक म्हटले नाही.

३

ह्या पेटीच्या पटलावर बहुधा एका कडेला तीन किंवा चार टाचण्यांची एक ओळ असते. कधी टाचण्या नसून नुसती छिद्रे असतात. एक संकेत बाहेर पाठविण्याची, दुसरी घेण्याची, तिसरी जमिनीची, म्हणजे सामाईक परतीची. चौथी असल्यास वीजपुरवठ्याची. हीच सीरियल जोडणी. हिचे वैशिष्ट्य असे की, अक्षराचे सर्व अंश एकाच तारेवरून एकामागून एक जातात.

एका तारेवरून एकापाठोपाठ एक संकेत पाठविण्याची कल्पना तारायंत्राची आहे. भारतात विल्यम ओशॉनेसी ह्याने १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले, आणि १८५४ पर्यंत मुंबई व कलकत्ता तारेने जोडली गेली. फ्रान्समधील एमिल बोदो ह्याने १८७४ मध्ये प्रत्येक अक्षरास पाच सारख्या लांबीचे अंश देणारी पद्धती मांडली; वेगाचे ‘बॉड’ हे मान त्याच्याच नावावरून आले. त्यापुढील अडचण वेळेची होती. पाठविणाऱ्या आणि घेणाऱ्या यंत्रांची गती तंतोतंत जुळवून ठेवणे कठीण. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील चार्ल्स व हॉवर्ड क्रम ह्या पितापुत्रांच्या टेलिप्रिंटरांनी ती सोडविली: प्रत्येक अक्षरापूर्वी एक ‘आरंभ’ संकेत आणि अक्षरानंतर एक ‘विराम’ संकेत. घेणाऱ्या यंत्राने प्रत्येक अक्षरापुरते घड्याळ नव्याने लावावयाचे. दोन यंत्रांचे घड्याळ दिवसभर जुळण्याची गरजच त्यामुळे उरली नाही.

सेट-टॉप बॉक्सच्या टाचणीवर आजही हीच व्यवस्था चालते. रूढ मांडणीत एक आरंभ-अंश, आठ अक्षर-अंश आणि एक विराम-अंश, असे दहा अंश एका अक्षराला लागतात. सर्वसामान्य गती सेकंदाला १,१५,२०० अंश. म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरे. गती हजारो पटींनी वाढली, नियम तोच राहिला.

दुसरा एक वारसा दुरुस्तीच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. टेलिप्रिंटरच्या तारेत संदेश नसतानाही प्रवाह वाहता ठेवीत. तार तुटली तर प्रवाह थांबून दोष तत्काळ कळावा हा हेतू. आजच्या पटलावरील पाठविणारी टाचणीही निवांत असताना उच्च दाबावर, बहुधा ३.३ व्होल्टवर असते. म्हणून संगणक जोडण्यापूर्वीच कारागीर मल्टिमीटर लावून पाहू शकतो. पेटी सुरू असता एका टाचणीवर स्थिर ३.३ व्होल्ट दिसले आणि वीज देताच क्षणभर काटा थरथरला, तर ती पाठविणारी टाचणी असण्याचा दाट संभव आहे.

येथे इतिहासाने एक सापळाही मागे ठेवला आहे. १९६० मध्ये अमेरिकेत ठरलेल्या ‘आरएस-२३२’ ह्या मानकात विरामाची स्थिती ऋण दाबाने व आरंभाची धन दाबाने दर्शवितात, आणि हा दाब ३ पासून १५ व्होल्टपर्यंत असू शकतो. जुन्या उपग्रह-पेट्यांच्या मागील बाजूस नऊ टाचण्यांचे जे तोंड असे, ते ह्या मानकाचे. आतील पटलावरच्या टाचण्या मात्र ह्या मानकाच्या नव्हेत. जुन्या संगणकाची तार सरळ पटलास जोडली तर संकेत उलटा पोचतो, एवढेच नव्हे तर प्रक्रियकही जळू शकतो. म्हणून ३.३ व्होल्टचा यूएसबी-सीरियल जोडक वापरणे, जमिनीची तार प्रथम जोडणे, पाठविणारी टाचणी घेणारीस जोडणे आणि जोडकाकडील वीजपुरवठ्याची तार मोकळी ठेवणे, हे नियम पाळावे लागतात. ज्या पेटीत वीजपुरवठ्याचा भाग आतच असतो, तेथे त्याच्या प्राथमिक बाजूस सुमारे ३२५ व्होल्टचा एकदिश दाब असतो, हेही विसरून चालत नाही.

४

वारशाचा दुसरा धागा यंत्राच्या जागे होण्याचा आहे. संगणकास प्रत्येक काम आज्ञावलीने सांगावे लागते. मग आज्ञावली वाचण्याचे काम त्याला कोण सांगणार? पन्नाशीच्या दशकात हा प्रश्न व्यवहारात उभा राहिला. १९५२ साली जाहीर झालेल्या ‘आयबीएम ७०१’ यंत्रात एक बटण होते. ते दाबले की यंत्र थोड्याशाच आज्ञा वाची. त्या आज्ञा पुढच्या आज्ञा वाचावयास शिकवीत. स्वतःच्या बुटाचे बंद ओढून स्वतःलाच उचलण्याच्या इंग्रजी कल्पनेवरून ह्या क्रियेस ‘बूटस्ट्रॅप’ म्हणू लागले. ‘बूट होणे’ हा शब्द त्याचेच संक्षिप्त रूप होय.

सेट-टॉप बॉक्स नेमक्या ह्याच पायऱ्यांनी उठते. प्रक्रियकात कारखान्यातच कोरलेली एक लहान आज्ञावली प्रथम चालते; ती बाहेरच्या फ्लॅश स्मृतीतून बूटलोडर आणते; बूटलोडर मुख्य स्मृती सिद्ध करून कर्नल किंवा अन्य कार्यप्रणाली तीत ठेवतो; कार्यप्रणाली फाइलव्यवस्था उघडते; आणि शेवटी चित्र दाखविणारी आज्ञावली सुरू होते. स्वस्त पेट्यांत कार्यप्रणाली लहानशी असते, महागड्या पेट्यांत बहुधा लिनक्स. जर्मनीतील वोल्फगांग डेंक ह्यांच्या प्रकल्पातून २००२ मध्ये ‘यू-बूट’ ह्या नावाने पुढे आलेला मुक्त बूटलोडर अनेक उत्पादकांनी स्वीकारला. काहींनी स्वतःचे वापरले. प्रत्येक पायरी आपले काम सांगणारी एक-दोन वाक्ये सीरियल तारेवर लिहिते. पडद्यावर चित्र येण्यापूर्वी पेटीला बोलण्याची दुसरी वाटच नसते. आणि पडद्यावर चित्र कधीच येत नाही तेव्हा तर हीच एक वाट उरते.

पेटी उठत का नाही, ह्याचे एक कारण फ्लॅश स्मृतीच्या घडणीतच आहे. जपानमधील फुजिओ मासुओका ह्यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या ह्या स्मृतीत नवे लिहिण्यापूर्वी एक संपूर्ण खंड पुसावा लागतो. पुसणे झाले आणि लिहिणे पुरे होण्याआधी वीज गेली, तर जुनेही नाही आणि नवेही नाही, अशी अवस्था होते. आज्ञावलीची सुधारित आवृत्ती उपग्रहावरून किंवा केबलवरून उतरत असताना पेटी बंद करू नये, ह्या सूचनेचे मर्म हे. ही सूचना अखंड वीजपुरवठा गृहीत धरते. मराठवाड्याच्या ग्रामीण भागाने २००५ नंतर कित्येक वर्षे रोजचे प्रदीर्घ भारनियमन अनुभवले आहे. तेथे हे गृहीतच डळमळते.

५

तारेवरून येणारे निवेदन वाचण्याची पद्धती इतिहासाच्या विद्यार्थ्यास अपरिचित वाटू नये. ते एक समकालीन साधन आहे, आणि प्रत्येक साधनाप्रमाणे त्याचीही चिकित्सा करावी लागते.

पहिला नियम असा की, शेवटची ओळ म्हणजे दोष नव्हे. ती बहुधा अखेरच्या निर्विघ्न पार पडलेल्या कृतीची नोंद असते. दोष त्या ओळीच्या पुढे, न लिहिल्या गेलेल्या जागेत असतो. बूटलोडरचे नाव उमटून स्मृतीचे माप येण्यापूर्वी निवेदन थांबले, तर संशय मुख्य स्मृतीवर किंवा तिच्या वीजपुरवठ्यावर. बूटलोडर पुरा बोलला आणि ‘तपासणी-बेरीज जुळत नाही’ अशा अर्थाची ओळ आली, तर फ्लॅशमधील मजकूर दूषित. कर्नल सुरू होऊन मूळ फाइलव्यवस्था सापडत नाही म्हणून थांबला, तर दोष त्याही पुढच्या खंडात. सर्व ओळी शेवटपर्यंत आल्या आणि तरीही पडदा काळा, तर बूटचा प्रश्नच नाही. एचडीएमआयचे तोंड, ट्यूनर किंवा कार्ड तपासावे.

दुसरा नियम, एका निवेदनावर विसंबू नये. तीच पेटी पाच वेळा सुरू करून पाच निवेदने ताडून पाहावीत. प्रत्येक वेळी निवेदन एकाच जागी थांबले तर दोष लिहिलेल्या मजकुरात असण्याचा संभव अधिक. दर वेळी निराळ्या जागी थांबून पेटी पुन्हा आरंभापासून सुरू होत असेल तर फुगलेला कपॅसिटर, दुबळा अडॅप्टर, तापणारा प्रक्रियक किंवा सुटलेला डाख ह्यांकडे वळावे. हा भेद न करता सरसकट ‘सॉफ्टवेअर टाकणे’ ही सार्वत्रिक चूक होय. वीज दुबळी असता फ्लॅश पुसली, तर बरा होणारा रोग असाध्य होतो. त्याच प्रतिमानाच्या चालत्या पेटीचे निवेदन हाताशी असेल तर तुलना सर्वांत निर्णायक ठरते. चांगल्या दुरुस्तीगृहाची खरी दौलत म्हणजे जपून ठेवलेली अशी निवेदने.

तिसरा नियम निरर्थकाचा आणि मौनाचा. पडद्यावर अर्थहीन चिन्हे उमटली तर बहुधा गती चुकली आहे. परंतु प्रक्रियक जिवंत आहे आणि बोलतो आहे, हे त्यातूनच सिद्ध होते. मौनाचा अर्थ लावणे मात्र कठीण. मौन मृत वीजपुरवठ्याचे असू शकते, न थरथरणाऱ्या स्फटिकाचे असू शकते, पुसल्या गेलेल्या बूटलोडरचे असू शकते, किंवा उत्पादकाने मुद्दाम लादलेलेही असू शकते. दाब मोजल्याखेरीज ह्या मौनांत भेद करता येत नाही.

६

दोष मजकुराचा ठरला तर उपायही त्याच तारेने होतो. बूटलोडर पुढे जाण्यापूर्वी क्वचित काही सेकंद थांबतो. त्या अवधीत कळ दाबली तर तो आज्ञा स्वीकारू लागतो. मग शुद्ध मजकूर पाठवावयाचा. येथे तिसरा वारसा उपयोगी पडतो. १९७७ मध्ये शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन ह्यांनी दूरध्वनीवरून फाइली पाठविण्यासाठी ‘एक्समोडेम’ ही पद्धती रचली: १२८ अक्षरांचा एक तुकडा, त्याची बेरीज, पलीकडून होकार आला तरच पुढचा तुकडा, नाही तर तोच पुन्हा. १९८१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात ‘कर्मिट’ तयार झाले. खराखुऱ्या, खरखरणाऱ्या तारांवर विश्वास न ठेवता काम करण्याची ही रीत आजही बूटलोडरांत टिकून आहे. ८ मेगाबाइटचा मजकूर १,१५,२०० च्या गतीने पाठविण्यास किमान बारा मिनिटे लागतात. जाळ्याची सोय असलेल्या पेटीत हेच काम काही सेकंदांत होते. बारा मिनिटे ही फार नव्हेत. मात्र तेवढा वेळ वीज टिकली पाहिजे.

पुसण्यापूर्वी जुन्या मजकुराची प्रत काढून ठेवणे आवश्यक असते. पेटीचा क्रमांक, जाळ्यातील पत्ता आणि सशुल्क वाहिन्यांच्या अधिकाराची गुप्त नोंद पुष्कळदा फ्लॅशच्या एखाद्या कोपऱ्यात असते. दुसऱ्या पेटीचा संपूर्ण मजकूर आंधळेपणाने उतरविला, तर पेटी उठते, पण स्वतःची ओळख विसरून उठते. मग तिला सशुल्क वाहिन्या दिसत नाहीत.

७

आता मूळ प्रश्नाकडे वळता येते. ही तार कारखान्यातील चाचणीसाठी बसविली गेली. तालुक्याच्या कारागिरासाठी नव्हे. म्हणून टाचण्यांवर नावे नसतात, आणि नंतरच्या पुष्कळ प्रतिमानांत निवेदन बंद केलेले, आज्ञा नाकारणारे आणि उत्पादकाची सही नसलेला मजकूर न उचलणारे बूटलोडर आले. ह्यामागील कारण पोकळ नाही. हीच वाट सशुल्क वाहिन्यांच्या चोरीसाठीही वापरता येते, आणि पेटीतील गुप्त किल्ल्या सांभाळणे हे सेवा देणाऱ्याच्या दृष्टीने कर्तव्यच ठरते. शिवाय पेटी भाड्याची असेल तर ती उघडण्याचा अधिकार ग्राहकास नसतो.

तथापि किल्ल्या सांभाळणे आणि निवेदन दडविणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘स्मृती ठीक’, ‘मजकूर दूषित’ एवढे सांगणाऱ्या ओळींनी कोणतीही किल्ली फुटत नाही. विनाशुल्क वाहिन्यांच्या पेटीत तर रक्षणीय अशी किल्ली बहुधा नसतेच, आणि पेटी सर्वस्वी ग्राहकाच्या मालकीची असते. तरीही दोन्ही प्रकारच्या पेट्यांना एकच न्याय लावला जातो. त्याचा भार पडतो तो ज्याच्याकडे बदलून देणारी संस्था नाही अशा घरावर. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२० मध्ये पेट्या कोणत्याही सेवेवर चालाव्यात अशी शिफारस केली. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चर्चा हाती घेतली. दोन्हींचा रोख योग्य दिशेस आहे. परंतु आतील टाचण्यांची नावे आणि चालत्या पेटीचे एक नमुना-निवेदन प्रसिद्ध करावे, इतकी साधी गोष्टसुद्धा ज्ञानाच्या वाटपात केवढा फरक करील, हे वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे.

१४ जुलै २०१३ रोजी भारतातील सार्वजनिक तारसेवेचा अखेरचा दिवस झाला. त्या वेळी तार गेली असे सर्वत्र लिहिले गेले. अंकीय प्रक्षेपणाचे पहिले दोन टप्पे तेव्हा नुकतेच पुरे झाले होते, आणि आरंभ-विरामाची तीच शिस्त पाळणारी तार पेटीपेटीतून घराघरांत शिरत होती. नाहीशी होत होती ती तार नव्हे, तर तारेजवळ बसून ऐकणारा जाणकार आणि त्याला शिकविणारी व्यवस्था. १९७५ च्या प्रयोगाने संचाबरोबर दुरुस्तीचीही योजना केली होती. २०१२ ते २०१७ च्या कार्यक्रमाने पेट्या बसविण्याची तारीख ठरविली. कळमनुरीसारख्या तालुक्यात एखादी पेटी दुरुस्त होते की भंगारात जाते, ह्याचा निर्णय पुष्कळदा ह्या फरकात होतो. यंत्रविद्येच्या इतिहासकाराने शोधांच्या तारखांबरोबर ह्या निर्णयांचीही नोंद घ्यावयास हवी.